मॉनिटर जोडला, पण अक्षरे धूसर: रिझोल्यूशनचा दोष क्रमाने कसा शोधावा

लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडल्यावर पहिल्याच दिवशी अनेकांची निराशा होते. अक्षरे धूसर दिसतात, वर्तुळे लंबगोल होतात, दोन्ही कडांना काळे पट्टे राहतात, किंवा सेटिंगमध्ये रिझोल्यूशनचा, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या आणि उभ्या ठिपक्यांच्या (पिक्सेलांच्या) संख्येचा, १०२४ × ७६८ च्या पुढचा पर्यायच सापडत नाही. मी मराठी मजकुराचे मुद्रितशोधन पडद्यावर करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या दृष्टीने केवळ सोयीचा नाही. इंग्रजी शब्द थोडा पुसट असला तरी त्याच्या एकंदर आकारावरून ओळखता येतो. देवनागरीत मात्र ‘द्य’ आहे की ‘ध्य’, ‘द्ध’ आहे की ‘ध्द’, डोक्यावर अनुस्वार आहे की नाही, हे दोन-तीन पिक्सेलांवर ठरते, आणि चुकीच्या रिझोल्यूशनमध्ये नेमके तेच दोन-तीन पिक्सेल एकमेकांत मिसळून जातात.

असे झाले की बहुतेक जण एकाच वेळी केबल बदलतात, ड्रायव्हर (लॅपटॉपचा चित्र तयार करणारा भाग चालवणारे सॉफ्टवेअर) टाकतात, मॉनिटरची चार बटणे दाबतात आणि मग नेमके कशाने बिघडले किंवा कशाने सुधारले हे कोणालाच सांगता येत नाही. चित्र लॅपटॉपमध्ये तयार होते, केबल आणि अडॅप्टरच्या वाटेने जाते आणि पडद्यावर उमटते. या तीन ठिकाणांपैकी आकडा कुठे बदलतो हे आधी शोधावे आणि मगच त्या एका ठिकाणी हात घालावा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. उदाहरणे विंडोज ११ वरची आहेत, कारण घरी आणि कार्यालयात बहुतेकांकडे तेच असते.

पहिली पायरी: पडद्याचे मूळ रिझोल्यूशन जाणून घ्या

एलसीडी पडद्यावरचे पिक्सेल कारखान्यातच कायमचे ठरलेले असतात. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेल असतात; क्यूएचडी पडद्यावर २५६० × १४४०, तर ४के पडद्यावर ३८४० × २१६०, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. लॅपटॉपकडून नेमका तेवढाच आकडा आला, तर प्रत्येक पिक्सेलला त्याचा स्वतःचा रंग मिळतो आणि अक्षराची कड स्वच्छ उमटते. १३६६ × ७६८ चे चित्र १९२० × १०८० च्या पडद्यावर पाठवले, तर एका पिक्सेलचा मजकूर सुमारे १.४ पिक्सेलांत बसवावा लागतो. पिक्सेलचे तुकडे करता येत नसल्यामुळे पडदा शेजारच्या पिक्सेलांत मधला रंग भरतो, आणि आपल्याला जो धूसरपणा दिसतो तो हाच. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर पिक्सेलांची अशी ठरलेली जाळी नव्हती, म्हणून तिथे कोणतेही रिझोल्यूशन चालून जात असे. ती सवय एलसीडीवर उपयोगाची नाही.

मॉनिटरच्या मागच्या लेबलावर मॉडेल क्रमांक असतो. तो पाहून निर्मात्याच्या माहितीपत्रकात ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ शोधावे आणि कागदावर लिहून ठेवावे. इथे एका शब्दाने फसगत होते, विशेषतः शाळांसाठी किंवा सभागृहासाठी प्रोजेक्टर घेताना. खोक्यावर ‘फुल एचडी सपोर्ट’ असे छापलेले असते, पण त्याचा अर्थ फक्त इतकाच की ते यंत्र तसा सिग्नल स्वीकारते. त्याचे स्वतःचे पिक्सेल १०२४ × ७६८ किंवा १२८० × ८०० इतकेच असू शकतात. अशा यंत्रावर कितीही प्रयत्न केला तरी बारीक अक्षर स्वच्छ दिसणार नाही.

दुसरी पायरी: दोन्ही टोकांचे आकडे पाहा

लॅपटॉपवर ‘सेटिंग्ज’, मग ‘सिस्टिम’, मग ‘डिस्प्ले’ असे जावे. वर १ आणि २ असे आकडे असलेले चौकोन दिसतात. ‘आयडेंटिफाय’ दाबल्यावर प्रत्येक पडद्यावर त्याचा क्रमांक उमटतो, त्यावरून बाहेरच्या मॉनिटरचा चौकोन ओळखून त्यावर क्लिक करावे. ही छोटी गोष्ट वगळू नये; पुष्कळ जण नकळत लॅपटॉपच्याच पडद्याचे रिझोल्यूशन बदलत राहतात आणि मॉनिटरवर काहीच फरक पडत नाही म्हणून वैतागतात. आता खाली ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडावे. तिथे ‘डेस्कटॉप मोड’ आणि ‘ॲक्टिव्ह सिग्नल मोड’ असे दोन आकडे असतात. पहिला म्हणजे विंडोजने रेखाटलेले चित्र, दुसरा म्हणजे केबलमधून प्रत्यक्ष बाहेर पडणारे चित्र.

नंतर मॉनिटरची स्वतःची बटणे दाबून त्याच्या मेन्यूत ‘इन्फर्मेशन’ हा भाग शोधावा. पडद्यापर्यंत कोणते रिझोल्यूशन पोहोचले ते तिथे लिहिलेले असते, आणि माझ्या अनुभवात हा सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत उपयोगी आकडा आहे. आता कागदावर चार आकडे झाले: पडद्याचे मूळ, डेस्कटॉपचे, सिग्नलचे आणि मॉनिटरने वाचलेले. चारही सारखे असतील तर रिझोल्यूशनमध्ये दोष नाही. अशा वेळी सहाव्या पायरीकडे जावे. डेस्कटॉपचा आकडा लहान आणि सिग्नलचा मोठा असेल, तर लॅपटॉप स्वतःच चित्र ताणून पाठवत आहे, आणि हे बहुधा तिसऱ्या पायरीतच सुटते.

तिसरी पायरी: योग्य पर्याय निवडा, आणि ‘डुप्लिकेट’ बंद करा

‘डिस्प्ले रिझोल्यूशन’च्या यादीत ज्या आकड्यापुढे ‘रेकमेंडेड’ असे लिहिलेले असते तो बहुतेक वेळा मूळ आकडाच असतो. तो निवडल्यावर ‘कीप चेंजेस’ असा प्रश्न येतो. काही सेकंदांत उत्तर दिले नाही तर विंडोज आपोआप जुन्या आकड्यावर परत जाते, त्यामुळे पडदा काळा झाला तरी घाबरून प्लग काढू नये, थोडे थांबावे.

यादीत मूळ आकडा नसेल, तर आधी विंडोज कळ आणि ‘पी’ कळ एकत्र दाबून पाहावे. उजवीकडे चार पर्याय येतात: फक्त लॅपटॉप, डुप्लिकेट, एक्स्टेंड आणि फक्त दुसरा पडदा. ‘डुप्लिकेट’मध्ये दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवायचे असल्याने दोघांना चालेल असे समाईक रिझोल्यूशन घेतले जाते, आणि स्वस्त लॅपटॉपचा पडदा १३६६ × ७६८ चा असेल तर फुल एचडी मॉनिटरलाही बऱ्याचदा तेवढ्यावरच थांबावे लागते. पर्याय बदलून ‘एक्स्टेंड’ किंवा ‘फक्त दुसरा पडदा’ केला की मॉनिटरला त्याचे स्वतःचे रिझोल्यूशन मिळते. नवख्या लोकांच्या ज्या तक्रारी मी पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याच इथेच मिटल्या.

चौथी पायरी: केबल, अडॅप्टर आणि हब

यादीत मूळ आकडा अजूनही नसेल, तर वाटेकडे वळावे. मॉनिटर जोडला जातो तेव्हा तो लॅपटॉपला आपली ओळख सांगतो: निर्माता कोण, मॉडेल कोणते, कोणती रिझोल्यूशन्स चालतात. या छोट्या नोंदीला ईडीआयडी म्हणतात आणि तिचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा असतो. ही नोंद वाटेत हरवली, तर समोर कोण आहे हे लॅपटॉपला कळत नाही आणि तो सुरक्षित म्हणून ८०० × ६०० किंवा १०२४ × ७६८ असे जुने, लहान आकडेच पुढे करतो. हे झाले आहे का, ते ओळखण्याची एक खूण आहे. ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून ‘मॉनिटर्स’ या शीर्षकाखाली पाहावे. ‘जेनेरिक पीएनपी मॉनिटर’ असे नाव असेल तर काळजी नाही, ओळख पोहोचलेली आहे. ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ असे असेल तर ओळख पोहोचलेली नाही. एका ‘नॉन’ या शब्दाचा फरक आहे, पण त्यावरून पुढची सगळी दिशा ठरते.

ओळख हरवण्यात व्हीजीए केबलचा वाटा मोठा असतो. निळ्या टोकाची, पंधरा पिनांची ही जोडणी १९८७ मध्ये आयबीएमने आणली आणि आजही आपल्या कार्यालयांत आणि वर्गांत ती सर्रास आढळते. तिच्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिना याच ओळखीसाठी असतात. त्यांतली एखादी वाकली किंवा स्वस्त केबलमध्ये ती तार जोडलेलीच नसली, तरी चित्र येते, रंगही ठीक असतात, मात्र रिझोल्यूशन वाढत नाही. टोक उजेडात धरून पिना पाहाव्यात. वाकलेली पिन बारीक चिमट्याने हलकेच सरळ करता येते. ९ क्रमांकाची पिन काही केबलमध्ये मुळातच नसते, म्हणून नुसते एक भोक रिकामे दिसले एवढ्यावरून केबल फेकून देऊ नये. दुसरी केबल लावून पाहणे हीच खरी परीक्षा. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारे छोटे अडॅप्टरही ओळख पुढे नेण्यात कमी पडू शकतात, शिवाय ते एकाच दिशेने चालतात. लॅपटॉपकडे एचडीएमआय आणि मॉनिटरकडे व्हीजीए असेल तरच त्यांचा उपयोग होतो. मॉनिटरला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असेल, तर व्हीजीएचा नाद सोडून सरळ तीच केबल घ्यावी असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

सभागृहात एका लॅपटॉपवरून दोन पडद्यांना चित्र देणारा स्प्लिटर असेल, तर तो मध्येच उभा राहून आपली वेगळी ओळख सांगतो किंवा दोन पडद्यांतला कमी आकडा पुढे करतो. असा स्प्लिटर, किंवा कीबोर्ड-माउस अदलाबदल करणारा स्विच मध्ये असेल, तर तो काढून मॉनिटर थेट जोडून पाहावा. थेट जोडल्यावर आकडा बरोबर आला, की दोषी सापडला.

दुसरा प्रकार असा की ओळख नीट पोहोचते, पण वाट अरुंद असते. ४के पडद्याच्या बाबतीत हे नेहमी घडते. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचे, तर नुसत्या पिक्सेलांसाठीच सेकंदाला सुमारे १२ अब्ज बिट लागतात. २००९ च्या एचडीएमआय १.४ मध्ये तेवढी जागा नाही, म्हणून ते ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच नेते. २०१३ च्या एचडीएमआय २.० पासून ६० वेळा नेता येते. डिस्प्लेपोर्टला ही क्षमता २०१० च्या १.२ आवृत्तीपासून आहे. जुन्या लॅपटॉपवर ४के मॉनिटर लावल्यावर माउसचा बाण अडखळत सरकतो तो यामुळेच; ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये रीफ्रेश रेट ३० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३० वेळा, असा दिसेल. अशा वेळी लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टमधून, म्हणजे डिस्प्लेपोर्ट किंवा यूएसबी-सी मधून, जोडणी करून पाहावी. तेही नसेल, तर २५६० × १४४० वर ६० हर्ट्झ घेऊन सुरळीत हालचाल मिळवायची की ३० हर्ट्झवर पूर्ण स्वच्छ अक्षर, हे कामाप्रमाणे ठरवावे. मी वाचनाच्या कामाला दुसरे निवडीन.

केबल विकत घेताना आवृत्तीच्या आकड्यापेक्षा तिचा प्रकार पाहावा. ४के आणि ६० हर्ट्झसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ एचडीएमआय केबल पुरते. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ त्याहून अधिक क्षमतेची असते. फुल एचडी मॉनिटरसाठी महाग केबल घेण्याचे काहीच कारण नाही. केबल जितकी लांब तितकी अडचण जास्त, म्हणून दोन मीटरमध्ये काम भागत असेल तर पाच मीटरची घेऊ नये. डीव्हीआय या जुन्या जोडणीचा साधा, म्हणजे सिंगल लिंक, प्रकार ६० हर्ट्झवर १९२० × १२०० पर्यंतच जातो. क्यूएचडी मॉनिटर अशा अडॅप्टरमधून जोडला, तर तो तिथेच अडकणार.

यूएसबी-सी बद्दल मोठा गैरसमज आहे. पोर्टाचा आकार सारखा असला तरी प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडत नाही; त्यासाठी लॅपटॉपच्या त्या पोर्टला ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ किंवा थंडरबोल्ट असावे लागते. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टचे चिन्ह किंवा विजेचा बाण आहे का पाहावे, आणि तरीही शंका असेल तर मॉडेलचे माहितीपत्रक पाहावे, कारण विजेसारखे चिन्ह काही जण चार्जिंगसाठीही छापतात. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली सी-टू-सी केबलही इथे चालेलच असे नाही. तशा बऱ्याच केबलमध्ये चित्रासाठी लागणाऱ्या तारा नसतात. एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या हबच्या बाबतीत खोक्यावर ‘४के’ मोठ्या अक्षरात आणि ‘३० हर्ट्झ’ बारीक अक्षरात छापलेले असते. पैसे देण्यापूर्वी ती बारीक ओळ वाचावी.

पाचवी पायरी: ड्रायव्हर

वाट ठीक असूनही आकडा अडून राहिला असेल, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘डिस्प्ले ॲडॅप्टर्स’ पाहावे. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ असे नाव असेल, तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. विंडोज नव्याने टाकल्यावर हे बऱ्याचदा होते. लॅपटॉप निर्मात्याच्या संकेतस्थळावर आपला मॉडेल क्रमांक टाकून तिथला ड्रायव्हर घ्यावा, किंवा ‘विंडोज अपडेट’मधील ‘ऑप्शनल अपडेट्स’ तपासावे. ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकवर’ देणारी अनोळखी सॉफ्टवेअर मुळीच वापरू नयेत. गेमिंगच्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात आणि एचडीएमआय पोर्ट त्यांतल्या वेगळ्या चिपला जोडलेला असू शकतो, म्हणून ड्रायव्हर दोन्ही चिपचे हवेत. कालपर्यंत नीट चालणारा मॉनिटर आज अचानक लहान रिझोल्यूशन दाखवू लागला, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि ‘बी’ या चार कळा एकत्र दाबाव्यात. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. त्यानेही भागले नाही, तर मॉनिटरचा विजेचा प्लग भिंतीतून काढून दोन-तीन मिनिटे थांबावे आणि पुन्हा जोडावा.

सक्तीने ‘कस्टम रिझोल्यूशन’ बनवण्याचा मार्ग ग्राफिक्सच्या पॅनेलमध्ये असतो. नवख्याने तो सगळ्यांत शेवटी आणि पडद्याच्या मूळ आकड्यापुरताच वापरावा.

सहावी पायरी: आकडे बरोबर, तरीही नजरेला खटकते

‘आकडा बरोबर केला, पण अक्षरे फार बारीक झाली, म्हणून परत कमी केला’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे, आणि दर वेळी मला वाईट वाटते. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी कोणीतरी प्रेमाने केलेली ही सोय असते, पण तिच्यामुळे त्यांच्या डोळ्यांपुढे दिवसभर धूसर मजकूर राहतो. अक्षर मोठे करण्यासाठी रिझोल्यूशन कधीही कमी करू नये. त्याच ‘डिस्प्ले’ पानावर ‘स्केल’ हा पर्याय आहे. तो १०० वरून १२५ किंवा १५० टक्के करावा. पडद्याचे सर्व पिक्सेल वापरात राहतात आणि प्रत्येक अक्षर अधिक पिक्सेलांत रेखाटले जाते, म्हणजे ते मोठेही होते आणि अधिक स्वच्छही. प्रत्येक पडद्याचे स्केल वेगळे ठेवता येते. २७ इंची ४के पडद्यावर १५० टक्के मला सोयीचे वाटते.

एकाच प्रोग्रॅममधली अक्षरे धूसर आणि बाकी सगळे स्वच्छ असेल, तर तो प्रोग्रॅम स्केल बदलणे नीट हाताळत नाही. आधी साइन आउट करून पुन्हा साइन इन करावे. तरीही तसेच राहिले, तर प्रोग्रॅमच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कम्पॅटिबिलिटी’ या भागात ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ आहे, तिथे बदल करून पाहावा. जुने लेखा सॉफ्टवेअर आणि जुनी मराठी टंकलेखनाची साधने यांच्याबाबत हे वारंवार करावे लागते.

व्हीजीएनेच जोडणी करणे भाग असेल, तर रिझोल्यूशन बरोबर असूनही उभ्या रेघा थरथरतात किंवा चित्र एका बाजूला सरकते. मॉनिटरवरचे ‘ऑटो ॲडजस्ट’ दाबावे. ते करताना पडद्यावर पांढऱ्या पानावरचा भरगच्च मजकूर उघडा ठेवला, तर मॉनिटरला कडा नीट सापडतात.

टीव्हीला लॅपटॉप जोडणाऱ्यांची तक्रार वेगळी असते: टास्कबार अर्धा कापला जातो. आकडा १९२० × १०८० असूनही टीव्ही चित्र किंचित मोठे करून कडा बाहेर ढकलतो. नळीच्या टीव्हीच्या काळात कडांवरचा वेडावाकडा भाग लपवण्यासाठी ही पद्धत आली, आणि सपाट पडद्यांतही ती राहून गेली. टीव्हीच्या ‘पिक्चर साइज’मध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा तशा नावाचा पर्याय निवडावा. काही टीव्हींमध्ये त्या एचडीएमआय इनपुटचे नाव किंवा प्रकार ‘पीसी’ असा केला की कडाही ठीक होतात आणि रंगीत अक्षरांभोवतीचा मळकटपणाही जातो. ४के टीव्हीवर ६० हर्ट्झ मिळत नसेल, तर त्या इनपुटसाठी ‘डीप कलर’ किंवा ‘एन्हान्स्ड’ अशा नावाचे सेटिंग बंद असल्यास ते चालू करावे.

मॉनिटरच्या मेन्यूतले ‘शार्पनेस’ कोणी वाढवून ठेवले असेल, तर अक्षरांभोवती पांढरी झालर दिसते. ते कारखान्यातल्या मूळ आकड्यावर आणावे.

कधी कधी मात्र दोष कुठेच नसतो. १४ इंची फुल एचडी लॅपटॉपमध्ये एका इंचात सुमारे १५७ पिक्सेल असतात. २४ इंची फुल एचडी मॉनिटरमध्ये ९२, आणि २७ इंची फुल एचडीमध्ये जेमतेम ८२. लॅपटॉपच्या स्वच्छ अक्षराला सरावलेल्या डोळ्यांना २७ इंची फुल एचडी पडदा भरड वाटणारच. तो थोडा लांब ठेवावा, आणि अजून खरेदी व्हायची असेल तर २७ इंचांत क्यूएचडी घ्यावा, ज्यात इंचाला सुमारे १०९ पिक्सेल असतात.

सातवी पायरी: मराठी मजकुरावर परीक्षा

स्टार्टमध्ये ‘क्लिअरटाइप’ असे टंकून ‘ॲडजस्ट क्लिअरटाइप टेक्स्ट’ उघडावे. ते प्रत्येक पडद्यासाठी मजकुराचे नमुने दाखवते; त्यांतला सर्वांत स्वच्छ निवडत जावे. मग वर्डमध्ये ११ पॉइंटात आणि १०० टक्के झूमवर ‘विद्या, ध्यान, शुद्ध, तऱ्हा, सूर्यास्त, अंतःकरण’ हे शब्द टाइप करावेत आणि नेहमीच्या बैठकीवरून पाहावेत. ‘शुद्ध’मधला खालचा ध, ‘तऱ्हा’मधला अर्धा र आणि ‘अंतःकरण’चा विसर्ग पुढे न वाकता वाचता आले, तर जोडणी नीट झाली आहे. त्या केबलच्या टोकाला कागदाची पट्टी चिकटवून त्यावर मॉनिटरचे नाव, लॅपटॉपचा पोर्ट आणि मिळालेले रिझोल्यूशन लिहून ठेवावे, म्हणजे साफसफाईत केबलची अदलाबदल झाली तरी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागणार नाही.